माजी खासदार दात बघतात

१९७८च्या निवडणुकीत लालासाहेब पडले. आमदारकी गेली, तरी पिंपरवाडी त्यांना आमदारच म्हणत राहिली. त्याला खर्च नव्हता. आता त्यांचा डोळा दूध संघाच्या अध्यक्षपदावर होता. निवड सोमवारी होती आणि बहुतेक संचालक गिरणीवाल्या मानसिंगांकडे झुकले होते. पडलेला पुढारीही पुढारीच असतो, हे संचालकांना पटवणं भाग होतं.

तेवढ्यात कळलं की पाचगणीला, तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या भाचीकडे, एक ब्रिटिश माजी खासदार आले आहेत. लालासाहेबांनी जीप धाडली. रविवारी चावडीपुढे मांडव पडला. हॅरल्ड पिम नावाच्या त्या पाहुण्यांना फेटा बांधला, तो भुवयांवर उतरला. नारळ दिला, तो त्यांनी दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखा धरून ठेवला.

दुभाष्याचं काम निवृत्त सुभेदार ज्योतिबांकडे होतं.

लालासाहेब माइकवर म्हणाले, "पराभवानं माणूस संपत नाही. पदं त्याच्या मागं चालत येतात. पडल्यावर सरकारनं काय दिलं, ते साहेबांनीच सांगावं."

पिम उठले. ते बोलत गेले आणि ज्योतिबा मराठीत सांगत गेले.

"मी तीनदा निवडून आलो. चौथ्यांदा पडलो. सरकारनं काही दिलं नाही. पुढच्या आठवड्यात जुना दवाखाना उघडला. मी दातांचा डॉक्टर आहे."

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला ठरवता येईना. पुढच्या रांगेतून दगडाबाई उठल्या.

"आवं सुभेदार, माजी दाढ लय ठणकतीया. बघतो का म्हणावं?"

पिमांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी नारळ लालासाहेबांच्या हातात दिला, साबण-पाणी आणि बॅटरी मागवली. दाढ पाहून त्यांनी सांगितलं, किडली आहे, साताऱ्याला जाऊन काढून घ्या, ठणका थांबेल.

"आश्वासनच दिलं," दगडाबाई म्हणाल्या. "खासदार खराच हाय."

तरी व्यासपीठापुढे रांग लागली. मानसिंगही आ वासून उभे राहिले. भाषणं राहूनच गेली.

संघाचे जुने संचालक आकाराम नारळ धरून उभ्या असलेल्या लालासाहेबांजवळ आले.

"आमदार, ह्यो पडला आन् दात बघाय लागला. तुमी निवडून यायच्या आदी काय करत हुता?"

"समाजसेवा."

"त्ये न्हवं. काम."

लालासाहेब आठवू लागले. आकारामांनी प्रश्न सोपा केला.

"धार तरी काढता येती का?"

"आमच्याकडं गडी आहेत."

"मंजी म्हस बी वळकत न्हाई तुमाला," आकाराम म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच काळजी वाटली होती.

त्या संध्याकाळी पारावर संचालकांचा दुसरा विषय नव्हता.

सोमवारी संघाच्या बैठकीत लालासाहेबांचं नाव मानसिंगांनीच सुचवलं.

"मला गिरणी हाय," ते म्हणाले. "सायबाला दवाखाना हाय. ह्यास्नी दुसरं कायबी येत न्हाई. खुर्ची न्हाई दिली तर बिचाऱ्यानं बसायचं कुटं?"

आकारामांनी अनुमोदन दिलं. निवड बिनविरोध झाली. हार घालून घेताना लालासाहेब म्हणाले, ही आपल्या कर्तृत्वाला मिळालेली पावती आहे. कुणी हरकत घेतली नाही.

भाषण लांबलं. मानसिंग मधूनच उठले. गिरणीवर दळणं खोळंबली होती.