ठिबकतंय तोवर

मी बोलतेय. माझ्या पंखांच्या टोकांना दोन भलेमोठे पंखे आहेत. ते आभाळाकडे तोंड करून फिरले की मी हेलिकॉप्टरसारखी जागच्या जागी वर उठते आणि पुढे झुकले की विमानासारखी धावते. पोटात चोवीस सैनिक मावतात. माझी माणसं मला ‘ती’ म्हणतात, म्हणून मीही बाईमाणसासारखीच बोलणार.

टेक्ससच्या माळावरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पहिल्यांदा पंखे झुकवले तेव्हा जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या. मला मात्र त्या क्षणी कसंसंच झालं होतं. एका रूपातून दुसऱ्यात जायला मला बारा सेकंद लागतात. तेवढा वेळ मी ना धड ही, ना धड ती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो उपास मला रोज घडतो.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. मैदानात उभी असले तरी अंगातली कुठली ना कुठली नळी कुरकुरत असते.

माझी खरी मालकीण सार्जंट डेल्फीन ब्रूसार. लुइझियानाच्या दलदलीतल्या गावची. माझी देखभाल तिची, आणि उड्डाणात शेपटीकडच्या बंदुकीवरही तीच. वैमानिक कॅप्टन ऑस्टर आले की ती हात कमरेवर ठेवून म्हणायची, “उसनी देतेय सर. ओरखडा न काढता परत आणा.”

“आणि ओरखडा निघाला तर?”

“तर पुसायला तुम्हीच या, फडकं घेऊन.”

दर सकाळी सगळे ओळीनं वाकून माझ्यापुढची जमीन न्याहाळायचे, तांदळातले खडे निवडावेत तसे खडे वेचायचे. एक खडा आत ओढला गेला तरी माझा घात. डेल्फीन सर्वांत शेवटी उठायची. गळ्यातल्या मेरीमातेच्या पदकाला ओठ लावायची आणि माझ्या अंगावर थाप मारायची. तिकडे तिच्या आईनं नेम केला होता : लेक घरी येईपर्यंत कॉफीत साखर घालायची नाही.

आम्ही अफगाणिस्तानात होतो, हेलमंडच्या वाळूत. एका सकाळी सैनिक चढले. त्यात टटल नावाचा कॉर्पोरल होता, तोंडाचा फटकळ. बसल्या बसल्या ओरडला, “ओ सार्जंट, तुमची ही म्हातारी माझ्या खांद्यावर तेल गाळतेय!”

“ठिबकतंय म्हणजे आत तेल आहे, समजलास? ठिबकायचं थांबलं की घाबर,” डेल्फीन म्हणाली. सगळे हसले. आमच्याकडचा हा जुनाच विनोद.

त्यांना दरीत उतरवून आम्ही परतलो. दुपारी निरोप आला. तुकडी अडकलीय, टटलच्या पायात गोळ्या आहेत, न्यायला या.

निघालो. राखणीची हेलिकॉप्टरं माझ्या वेगानं धावू शकत नाहीत, ती मागे राहिली. दरीवर मी एकटीच पोचले. माझी बंदूक फक्त शेपटीला. समोरून कोणी मारलं तर नुसतं सोसायचं. हळू उतरावं तर आयतं सावज. घाईनं उतरावं तर माझ्याच पंख्यांनी घुसळलेली हवा पायाखालून निसटते आणि मी दगडासारखी आपटते. कॅप्टन ऑस्टर मला घाईनं खाली घ्यायला लागले.

“हळू, सर,” मागून डेल्फीन म्हणाली. “गोळ्या तिला सोसतील. आपटणं नाही सोसणार.”

हळूच उतरलो. अंगावर ताडताड गोळ्या बसल्या. सैनिक चढले, टटलला त्याच ठिबकत्या नळीखाली निजवलं. आम्ही वर उठलो.

“आता झुकवतो,” कॅप्टन म्हणाले. “धावलो तर वीस मिनिटांत दवाखाना.”

तेवढ्यात टटल पुटपुटला. आधी कुणाला कळेना. डेल्फीन वाकली.

“सार्जंट... ठिबकत नाहीये.”

तिनं हात वर नेऊन ती नळी चाचपली. बोटं कोरडी.

“सर, झुकवू नका!”

“तेलाचा काटा तर ठीक दाखवतोय.”

“काट्याला काय कळतंय, सर! पंखे झुकवणारं तेल गेलंय. झुकलेले पंखे पुन्हा उभे झाले नाहीत तर उतरायचं कसं? आधी पंखेच जमिनीला लागतील.”

“अगं, पण हळू गेलो तर पाऊण तास! त्याचं रक्त—”

“ठाऊक आहे सर.” तिनं टटलची जखम घट्ट दाबून धरली. “पण आत आणखी चौदा जण आहेत.”

पंखे तसेच राहिले. पाऊण तास मी उघड्या वाळवंटावरून रांगत आले. दोन्ही रूपं असून एकही धड नाही, या लाजेनं जळत.

उतरल्यावर पाहिलं, तर एक नळी तुटलेली, दुसरी सुताएवढी उरलेली. झुकले असते तर पंखे परत वर आलेच नसते. सगळे वाचले. टटलही वाचला. पण डावा पाय गेला. पंचवीस मिनिटं आधी आणला असता तर कदाचित राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले.

डेल्फीन सुखरूप मायदेशी परतली, पण हसेना. आईनं साखर घातली नाही. म्हणाली, “बाळा, तू अजून आलेली नाहीस.”

आता मी उत्तर कॅरोलायनात, नदीकाठच्या तळावर असते. गेल्या मंगळवारी छपराखाली धातूच्या पायाचा खडखडाट झाला. टटल! डेल्फीन फडकं हातात घेऊन जागीच थिजली. तो आत चढला आणि आपल्या जागेवर बसून राहिला. मी जीव एकवटला. देवा, आत्ता नको थांबवूस.

टप.

“म्हातारी अजून गळतेच की हो, सार्जंट!” खांदा पुसत तो ओरडला. “आणि तोंड काय पाडलंय? तुमचा तो विनोद मीच ध्यानात ठेवला, म्हणून पंधरा घरचे दिवे लागलेत. त्यातलं एक माझं!”

ती रडली. मग फोन लावला. “आई,” म्हणाली, “घाल साखर.”

पुढच्या महिन्यात मला पुन्हा कुठेसं जायचं आहे. ते बारा सेकंद मला चुकणार नाहीत. माणसांनो, लेकरं माझ्या पोटात घालण्याआधी एवढंच करा. माझ्या वेगाचं कौतुक थोडं कमी करा, मला एकटीला पुढे धाडू नका आणि तेलानं हात माखलेली बाई काही सांगत असेल, तर काट्याआधी तिचं ऐका.

टप. आहे, अजून आहे.