फुंकरची पेन्सिल

“तुझा देव एवढा चांगला आहे, तर तो तुला बरं का करत नाही?”

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे विचारला मीच, पण पैज आमच्या टोळीची होती. मधल्या सुट्टीत आम्ही पाच जणी जिन्यावर बसलो होतो. फुंकरला हे तोंडावर विचारायची कुणाची छाती आहे ते बघू, असं ठरलं आणि चौघींनी माझ्याकडे बघितलं. कारण दर बुधवारी शाळा सुटली की वह्या पोचवायला तिच्या घरी मीच जायचे. आणि तेव्हा मी अशी होते, की चौघींनी बघितलं की मान डोलवून मोकळी. आता विचारून बघा म्हणावं.

फुंकर आमच्याच वर्गात होती, पण वर्गात कमी आणि अंथरुणात जास्त. जन्मापासून तिच्या फुफ्फुसांत चिकट, घट्ट कफ साठायचा. तो सुटावा म्हणून सकाळ-संध्याकाळ तिचे बाबा हाताची ओंजळ करून तिच्या पाठीवर थापा मारायचे. मग ती एका प्लॅस्टिकच्या नळीत फुंकायची आणि नळीतला निळा चेंडू वर उचलायची. म्हणून फुंकर. नाव तिचं तिनंच ठेवलं होतं, दुसऱ्या कुणी काहीतरी वाईट ठेवायच्या आत. माझं नाव तिनं ठेवलं भोंगा. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिच्या बाबांचं टायरचं दुकान खाली आणि घर वर. “बाबा दिवसभर अख्ख्या गावाच्या चाकांत हवा भरतात,” ती म्हणायची, “आणि घरचंच चाक बसलेलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.”

तर मी जमिनीकडे बघत, एका दमात प्रश्न विचारून टाकला. ती रागावली नाही. उशीला टेकून जरा वर सरकली.

“हे तुझ्या डोक्यातलं नाही,” ती म्हणाली.

“पैज आहे.”

“किती जणींची?”

“पाच.”

“मग पाच जणींना पुरेल असं सांगते. मीपण त्याला हेच विचारते. रोज. कधीकधी चांगली भांडते.”

“मग? काय म्हणतो?”

“काही म्हणत नाही.” तिला खोकला आला. तो लांबलचक चालला आणि मी नुसती बघत बसले. खोकला संपल्यावर डोळे पुसत म्हणाली, “पण फोन ठेवत नाही गं. मी इतकं बोलते, इतकं टाकून बोलते, तुझ्या सख्ख्या आईनं केव्हाच ठेवला असता. हा ऐकतच असतो. कळतं मला. पलीकडे कुणी आहे की नाही, ते कळतंच ना फोनवर?”

आमच्या घरी देव फक्त निकालाच्या दिवशी आठवतो. मी वह्या तिच्या उशाशी ठेवल्या आणि निघाले. दुसऱ्या दिवशी टोळीनं विचारलं, “काय म्हणाली?” मी सांगितलं. एक जण हसायला लागली आणि मग आपोआप थांबली. पैज मी जिंकले होते. पुढच्या बुधवारी शाळेला सुट्टी होती, वह्या नव्हत्या, तरी मी गेले.

फुंकर चर्चच्या क्वायरमध्ये होती. मी म्हटलं, दोन जिने चढताना तुला तीनदा बसावं लागतं, तू गाणार काय? ती म्हणाली, “गाते कुठे? मी पेन्सिल चालवते.”

क्वायरमास्तरांचं एरवी चष्म्याचं दुकान आहे. नवीन गीत आलं की त्याचा पहिला कागद ते फुंकरकडे पाठवायचे. ती ते गीत ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि शब्दांच्या वर बारीक तिरप्या रेघा ओढायची. जिथे रेघ, तिथे सगळ्यांनी श्वास घ्यायचा. मग त्या रेघांसकट प्रती निघायच्या. चाळीस माणसं फुंकरच्या सांगण्यावरून दम खायची. त्यात पोस्टमन, पावाच्या भट्टीवरची मावशी आणि दुसऱ्या रांगेत तिची स्वतःची आई.

“पण तूच का?” मी विचारलं.

“ज्याच्याकडे पाणी कमी, त्याला प्रत्येक पेला माहीत असतो,” ती म्हणाली. “तुम्ही भोंगे लोक श्वास संपला की घेता. श्वास संपल्यावर घ्यायचा नसतो, वेडे. थोडा उरलेला असतानाच घ्यायचा. मग पुढचा शब्द घाबरलेला येत नाही.”

एकदा मी तिला, पैज नसताना, विचारलं, की मरणाची भीती वाटते का. ती म्हणाली, “रात्री वाटते. सकाळी खोकण्यात वेळ जातो.” मग उशी सारखी करत म्हणाली, “वर म्हणे कुणाला दम लागत नाही. छानच आहे. पण मग माझ्या रेघा कोण विचारणार? बेकार होणार मी.”

ती गेली तेव्हा मी भूमितीच्या पेपरला होते. ती सोळा वर्षांची होती.

महिन्याभरानं चर्चमध्ये तिच्या आठवणीची उपासना ठरली. क्वायरमास्तर शाळेच्या फाटकापाशी येऊन थांबले. त्यांच्या हातात एक कागद होता. गीताची चार कडवी. पहिल्या दोन कडव्यांवर फुंकरच्या रेघा, पुढची दोन कोरी.

“हेच गायचं आहे,” ते म्हणाले. “तिची आई म्हणते, हेच. मी स्वतः रेघा मारायला बसलो, पण हात चालेना. तू तिच्याजवळ बसायचीस. तुला जमेल.”

मला हो म्हणायचं नव्हतं. एकतर बुधवारी संध्याकाळी माझा गणिताचा क्लास असतो आणि सराव नेमका बुधवारीच. दुसरं म्हणजे मी कोण? मी त्यांच्यातली नाही, मला सा की रे कळत नाही. पण मी नाही म्हटलं तर अर्ध्या गाण्यानंतर फुंकर थांबणार होती. तिच्या आईच्या देखत. मी कागद घेतला. बुधवारी घरी सांगायचं ठरवलं, क्लासला जाते.

रात्रभर पाठांतर करावं तसं ते गीत म्हटलं आणि मोठ्या ऐटीत रेघा मारल्या. बुधवारी सरावाला उभे राहिलो. पहिली दोन कडवी अशी गेली की मला वाटलं, ती पुढच्या बाकावरच बसली आहे. तिसरं कडवं सुरू झालं आणि पावाच्या भट्टीवरची मावशी लाल झाली. पोस्टमन जांभळा झाला. ओळ होती, ‘काळोख आला तरी मी भिणार नाही.’ माझी रेघ अख्ख्या ओळीच्या शेवटी. त्या आधीच्या ओळीवर तर रेघच नव्हती. ‘मी भिणार’ इथे चाळीस माणसांचा दम संपला आणि सगळे हपापल्यासारखे श्वास घ्यायला लागले.

क्वायरमास्तरांनी चष्मा काढला. “म्हणजे सगळे भिणार,” ते म्हणाले. “घ्या.”

लोक हसले, चांगलेच हसले, पण तिची आई हसली नाही. ती कागदाकडे बघत होती. मला कळलं, मी काय केलं होतं. रेघा मी माझ्या छातीच्या मापानं मारल्या होत्या. भोंग्याच्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून थेट टायरच्या दुकानात गेले. काका एक ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. एक गिऱ्हाईक चाक काढलेल्या गाडीपाशी ताटकळत उभं होतं.

“काका,” मी म्हटलं, “तिचा श्वास केवढा होता?”

असं कुणी कुणाच्या बापाला विचारतं का? पण तोंडातून निघून गेलं होतं. काकांनी ट्यूब खाली ठेवली. हात पुसले नाहीत. ओल्या हाताची ओंजळ केली आणि शेजारच्या टायरवर थापा मारल्या. मी मोजल्या. सहा. मग हात हवेत थांबला.

“सहा थापा मारायच्या, मग थांबायचं. ती श्वास घेणार. मग परत सहा,” ते म्हणाले. “सोळा वर्षं. शेवटी-शेवटी पाच. सातवी मी कधी मारली नाही.”

मी कागद काढला. मी म्हणत गेले, काका टायरवर थापा मारत गेले. हात थांबला की मी रेघ ओढायची. एका ठिकाणी सहावी थाप बरोबर ‘भिणार’वर पडली. मी पेन्सिल टेकवणार, एवढ्यात ते म्हणाले, “तिथे नाही. तिथे अडकेल हे तिला आधीच कळलं असतं. तिनं ‘मी’च्या आधीच घेतला असता.”

मी ‘मी’च्या आधी रेघ ओढली. गिऱ्हाईक म्हणालं, “माझ्या गाडीचं काय?” काका म्हणाले, “थांबा हो. मुलीचं काम चाललंय.”

नव्या रेघांवर आणखी तीन बुधवार सराव झाला. उपासनेला चर्च भरलं होतं. टोळीतल्या चौघीही आल्या होत्या, आणि माझे आई-बाबा मागच्या बाकावर. सगळी गल्लीच आली होती म्हणून तेही आले होते. मी क्वायरमध्ये उभी राहिले. आवाज निम्म्यावर ठेव, असं क्वायरमास्तरांनी मला तीनदा बजावलं होतं.

गाणं सुरू झालं आणि मला गाणं ऐकूच येईना. मला फक्त मधल्या जागा ऐकू यायला लागल्या. चाळीस माणसं एकदम श्वास घेतात, तेव्हा त्याचा आवाज होतो, हे तुम्हाला माहीत आहे? चाकाची झडप दाबल्यावर होतो तसा, पण उलटा, आत जाणारा. दोन कडवी झाली, तिसरं आलं. ‘काळोख आला तरी’, आणि तो आवाज. मग ‘मी भिणार नाही’ असं सरळ, शांतपणे आलं.

मी काकांकडे बघितलं. ते गात नव्हते. त्यांचा ओंजळ केलेला हात गुडघ्यावर होता. हलत होता, थांबत होता. तो थांबला की पोस्टमन श्वास घ्यायचा, मावशी श्वास घ्यायची, मी घ्यायचे. दुसऱ्या रांगेत तिची आई घ्यायची. जिला दोन जिने चढवत नव्हते, तिच्या छातीनं आम्ही सगळे चाललो होतो आणि कुणाचाही दम तुटत नव्हता. मला देवाचं अजूनही काही कळत नाही. पण त्या मधल्या जागांमध्ये पलीकडे कुणीतरी होतं. फोनवर कळतं तसं.

नंतर क्वायरमास्तरांनी माझ्यासमोर फुंकरची पेन्सिल धरली. दातांनी चावलेली, टोक करून करून बोटाएवढी उरलेली. “पुढच्या बुधवारी नवीन गीत आहे,” एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर बाबा बुटांच्या नाड्या सोडत होते. आई दुसऱ्या दिवसाच्या पाण्याच्या बाटल्या भरत होती.

“दोघं जरा बसा,” मी म्हटलं.

“काय फोडलंस?” आई म्हणाली.

“गेले चार बुधवार मी क्लासला गेले नाही. सरावाला गेले. खोटं बोलले, ते चुकलं.”

आईनं बाटली खाली ठेवली. बाबांनी एक बूट काढला, दुसरा तसाच. मग अगदी जपून विचारलं, “बेटा, तुला धर्म बदलायचाय का?”

“सध्या फक्त क्लासची वेळ,” मी म्हटलं.

बाबांना हसू आलं, आईला नाही. पूर्वी आईनं असं बघितलं असतं, तर मी मान डोलवून आत गेले असते. मी श्वास घेतला, पुरेसा उरलेला असतानाच.

“गणित मी सकाळच्या तुकडीत करीन, पाचला उठून. उठले नाही तर तोंडावर पाणी मारा. मार्क घसरले तर काय ओरडायचं ते ओरडा, ऐकून घेईन. पण दर बुधवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये असणार. रेघा आता मी मारणार आहे. पेन्सिल मी घेऊन आले आहे.”