पालकाची सही

छापखान्यात सगळे तिला भिंगबाई म्हणत. तिच्या नजरेतून चुकीचा काना सुटत नसे, म्हणून हे नाव. सातव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले, पण तोवर अक्षरओळख झाली होती आणि पुढे अक्षरांनीच तिला सांभाळलं. अठराव्या वर्षी ती इथे प्रूफं तपासायला लागली, त्याला बावीस वर्षं होत आली होती. यंत्रांच्या धडधडाटात बाकीचे एकमेकांच्या कानाशी ओरडत. तिला फक्त टेबलाची थरथर जाणवे. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखे, उत्तर चिठ्ठीवर लिहून देई.

त्या सोमवारी सरकारी काम आलं होतं. रुग्णांच्या हक्कांच्या नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी छापायचा होता. भिंगबाई वाचत गेली. रुग्णाला आजार समजावून सांगावा, त्याच्या संमतीवाचून शस्त्रक्रिया करू नये, सगळं चांगलंच होतं. चौदाव्या कलमात एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करताना तिने वाक्य पुन्हा वाचलं. अल्पवयीन, मतिमंद व मूकबधिर व्यक्तींच्या बाबतीत पालकाची संमती पुरेशी मानली जाईल.

वेलांटी तिने सुधारली. वाक्य सुधारणं तिच्या कामात बसत नव्हतं.

पालकाची संमती म्हणजे काय, हे तिला वर्षापूर्वी कळलं होतं. पोट दुखत होतं म्हणून एक्स-रे काढला, तर त्यात दोन बारीक क्लिपा दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी सहज कागदावर विचारलं, "मुलं न होण्याचं ऑपरेशन कधी करून घेतलंत?" तिच्या पोटावर एकदाच हत्यार लागलं होतं, एकोणिसाव्या वर्षी. घरच्यांनी तेव्हा अपेंडिक्सचं म्हणून सांगितलं होतं.

तिचा नवरा याच छापखान्यात पुस्तकं बांधायचा. तोही ऐकू न येणारा. नऊ वर्षं दोघांनी हातांच्या खुणांनी भरपूर गप्पा मारल्या, भांडणंसुद्धा हातांनीच केली. मूल झालं नाही. दोष आपलाच असं धरून तो कडू काढे पीत राहिला, कुणी सांगेल ती पथ्यं पाळत राहिला आणि त्याच समजुतीत गेला. एक्स-रे निघाला तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. जे कळलं ते सांगावं असं दुसरं कुणी तिला नव्हतं. वर्षभर तिने ते मनातच ठेवलं. एका माणसाचा स्वयंपाक करायचा, एक ताट धुवायचं आणि पडायचं.

रविवारी नेहमीप्रमाणे तिचा थोरला भाऊ भाजीची पिशवी घेऊन आला. तिने मसुद्याचं छापील पान आणि एक्स-रे त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिला ओठ दिसावेत म्हणून सवयीने तिच्याकडे तोंड करून तो सांगू लागला. डॉक्टरच म्हणाले होते, उद्या कुणी हिचा गैरफायदा घेतला तर मूल कोण सांभाळणार. आईलाही पटलं होतं. म्हणून त्याने सही केली होती.

तिने लिहिलं, "मला का नाही विचारलंस? मला वाचता येत होतं."



"तुला विचारायचं असतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला.

"आणि माझ्या नवऱ्याला का नाही सांगितलंस?" तिने लिहिलं.

दादा उठून चपला घालू लागला. तो गेल्यावर पिशवी तशीच दाराशी पडून राहिली.

त्या आठवड्यात तिने हरकत लिहून पाठवली. सुनावणीचं बोलावणं आलं, त्यात 'पालकासह हजर राहावे' असं होतं. दादा यायला तयार होता. तिने नको म्हणून कळवलं आणि एकटीच गेली. दालनात अध्यक्ष मान खाली घालून कागदाकडे बघत बोलत होते. तिने टेबलावर टकटक केलं आणि चिठ्ठी सरकवली, "वर बघून बोला, म्हणजे मला कळेल." अध्यक्ष ओशाळले. शेजारचे डॉक्टर सदस्य म्हणाले की अशा रुग्णांना शस्त्रक्रियेतले धोके समजतातच असं नाही, म्हणून ही तरतूद आहे.

भिंगबाईने लिहिलेलं अध्यक्षांनी मोठ्याने वाचून दाखवलं. "माझ्या भावाने ज्या संमतिपत्रावर सही केली ते आमच्याच छापखान्यात छापलं होतं. त्याचं प्रूफ मी तपासलं होतं. त्यातला शब्दन् शब्द मला समजत होता."

अध्यक्षांनी ती चिठ्ठी डॉक्टर सदस्यांपुढे सरकवली.

कायदा व्हायला आणखी दोन वर्षं गेली. चौदाव्या कलमातून मूकबधिर हा शब्द निघाला, आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत, लिपीत वा खुणांत त्यालाच विचारावं, असं आलं. तिने मागितलेले तिच्या ऑपरेशनचे कागद जुने म्हणून नष्ट केल्याचं रुग्णालयाने कळवलं. माफीचा शब्द नव्हता.

आता दर शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की ती त्याच रुग्णालयात जाऊन बसते. गेल्या शनिवारी खिडकीपाशी एक काका आपल्या ऐकू न येणाऱ्या पुतणीचा फॉर्म भरत होते. मुलगी अठराएक वर्षांची, भिंतीकडे बघत उभी. भिंगबाईने तिच्यापुढे चिठ्ठी धरली, "तुला कशासाठी आणलंय, माहीत आहे?" मुलीने मान हलवली, नाही. काका चिडले, मागचे लोक कुरकुरायला लागले. भिंगबाईने कायद्याचं पान नर्सपुढे ठेवून चौदाव्या कलमावर बोट टेकवलं. नर्सने सुस्कारा सोडला, काकांच्या हातातला फॉर्म घेतला आणि मुलीच्या हातात दिला.

मुलगी वाचायला लागली. एकेका ओळीवर बोट ठेवून, अगदी सावकाश. मागे सगळी रांग खोळंबली होती. भिंगबाईने कुणालाच घाई करू दिली नाही.