चष्म्याच्या डबीचा संशय

मी एक जुनी चष्म्याची डबी आहे, मित्रांनो, आणि कुणाचाही हात जवळ आला की माझ्या मनात पाल चुकचुकते. मुळात मी अशी नव्हते. कारागिराने पत्र्याला काळे कातडे चढवून, आत मखमल लावून मला घडवले तेव्हा मी अगदी भोळी होते. दुकानातून मला गणिताच्या एका निवृत्त सरांनी घेतले. माझे झाकण टक् वाजले की ते म्हणायचे, "वा, काय खणखणीत आवाज आहे." मी फुगून जायची.

पण त्यांच्या बायकोपुढे माझे काही चालेना. या बाई लोकांच्या मनाशी खेळणाऱ्या थरारक कादंबऱ्या लिहीत. कादंबरीतला खलनायक जे करणार, ते आधी घरात करून पाहायची त्यांची खोड होती. त्या वेळी त्यांचा खलनायक एका भल्या माणसाला विसराळू ठरवत होता. झाले, माझी वरात निघाली. टेबलावरून चपलांच्या कपाटात, तिथून पिठाच्या डब्यामागे. सर घर पालथे घालत.

"अहो, तुम्ही हल्ली फारच विसरता," असे म्हणून बाई त्यांचा कावराबावरा चेहरा निरखत बसत. मला त्यांचा भारी राग यायचा.

कादंबरी वाचकांनी डोक्यावर घेतली. सरांनीही वाचली आणि पोट धरून हसले. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे तर."

काही महिन्यांनी मी फ्रिजमध्ये सापडले.

"उट्टं काढताय ना?" बाईंनी विचारले.

"मी कशाला? तुझीच नवी कादंबरी असणार," सर म्हणाले.

मग मी कधी बादलीत, कधी उशीच्या अभ्र्यात. दोघे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. मला ठेवणारा हात सरांचाच असायचा, त्यामुळे ते उट्टेच काढत आहेत असे मलाही वाटले. मनातून मी खूश होते.

एका दुपारी सरांना रंगेहाथ पकडायला बाई दाराआड उभ्या राहिल्या. सरांनी चष्मा काढून माझ्यात ठेवला, मला खिडकीतल्या कुंडीत ठेवले आणि खुर्चीत जाऊन बसले. थोड्या वेळाने उठून ते मला शोधू लागले. टेबल, खिसे, पुन्हा टेबल. कुणी पाहते आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, तरी चेहरा तोच, कावराबावरा. बाईंनी तो पानोपानी लिहिला होता. ओळखायला त्या चुकल्या नाहीत.

तेवढ्यात सरांना त्या दिसल्या. "अगं, तूच लपवलीस ना?" त्यांनी विचारले. "तूच ना?"

"हो, मीच," बाई म्हणाल्या. "नव्या कादंबरीसाठी."

सरांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी आतल्या खोलीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला आणि मग खूप रडल्या. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी गेला.

मित्रांनो, घरात कुणी काही शोधत असेल तर हसू नका, संशय घेऊ नका, सोबत शोधायला लागा. आमच्या बाई आता तेच करतात आणि मी सापडले की दोष स्वतःवर घेतात. नवी कादंबरी मात्र त्यांनी अजून लिहायला घेतलेली नाही.