कमळीची शेवटची परीक्षा

मित्रांनो, पाऱ्याची नळी, रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा पसारा. मी एक जुना रक्तदाबमापक आहे.

नंदाखाल गावच्या अँजेलिना सिस्टरांनी मला स्वतःसाठी घेतले होते. चांदीप गावच्या दवाखान्यातून १९९४ साली निवृत्त होताना त्यांनी मला कमळीच्या हाती दिले. ती त्याच गावच्या काळूराम शेतकऱ्याची मुलगी, नुकतीच दहावी झालेली. तिला नर्स व्हायचे होते.

"दहावीवर एएनएमचा नर्सिंग कोर्स होतो, दीड वर्षात," सिस्टर म्हणाल्या. "पण मोठ्या इस्पितळात जायचं असेल तर बारावी कर, मग जीएनएमची तीन वर्षं. रस्ता लांबचा आहे, बाय."

कमळीने लांबचाच रस्ता धरला.

रोज संध्याकाळी ती बापाच्या दंडाला पट्टा बांधून सराव करी. त्यातच कळले, काळूरामचा दाब फार वाढला होता. गोळ्या सुरू झाल्या. पण ती समोर उभी असली तरच तो गोळी गिळी.

बारावीनंतर कमळी मुंबईला वसतिगृहात गेली. "दवाखान्यातल्या ताईंना बोलावून दर आठवड्याला मोजून घ्या," असे बजावून मला घरीच ठेवून गेली. महिने गेले. माझे झाकण कोणी उघडले नाही.

तिसऱ्या वर्षी, तिचे शेवटचे पेपर चालू असताना, काळूरामला वांग्याच्या वाफ्यातून उचलून घरात आणले. उजवी बाजू लुळी पडली होती. त्याची बायको हंसा रडत म्हणाली, "कमलीला बोलावते."

"नको," तो अडखळत म्हणाला. "पेपर हायेत तिचं. होऊ दे."

चौथ्या दिवशी तो गेला. घरच्यांनी त्याचा शब्द पाळला. कमळीवाचूनच त्याला अग्नी दिला.

पुढच्या आठवड्यात कमळी हसत दारात आली. "बाबा कुठंय? आधी त्यांचा दाब बघते." तिने मला फळीवरून काढले, पट्टा सोडला. हंसाने तिच्या हातातला पट्टा हळूच काढून घेतला. तेव्हा तिला कळले.

"आई, मी तीन वर्षं हेच शिकत होते ना? मग मलाच का नाही सांगितलं?"

हंसा एवढेच म्हणाली, "पानी पी, पोरी."

कमळी पास झाली. विरारच्या इस्पितळात लागली. शेकडो माणसांचे दाब तिने मोजले, पण मला पुन्हा हात लावला नाही. माझे रबर चिरले, पट्टा कुजला.

मित्रांनो, माझी काळजी नका करू. पण तुमच्या घरचे कोणी शिकायला दूर गेले असेल, तर घरचे दुखणे त्याच्यापासून लपवू नका. परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा देता येते.