महाराणीचा कंगवा

एमएच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला नीतिशास्त्राचा पेपर होता. एमएचा विषय वर्तन-विश्लेषण, म्हणजे माणूस एखादी गोष्ट का करतो ते बारकाईनं बघायचं आणि बक्षिसं देऊन त्याला नवीन गोष्टी शिकवायच्या. मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, "ज्याच्यासाठी काम करताय त्याची संमती आधी. तो बोलत नसेल तर वागण्यातून ओळखा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातंय?

निम्मा पेपर प्रॅक्टिकलचा होता. मी प्रौढ दिव्यांगांच्या एका केंद्रात जायचे आणि तिथल्या सरांची सही मिळाल्याशिवाय पास होणं शक्य नव्हतं. सर वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाशी भांडणं फार सोपं असतं.

माझ्याकडे महाराणी होती. पस्तिशीची स्वमग्न बाई. बोलायची नाही, पण नको असलेली वस्तू पालथ्या पंजानं अशी बाजूला सारायची की समोरच्यानं मान खाली घालून निघूनच जावं. म्हणून सगळे तिला महाराणी म्हणायचे. तिला टेबलाशी बसून पाकिटं चिकटवायला शिकवायचं होतं. पद्धत अशी, की तिला काय आवडतं ते शोधायचं, ते कपाटात कुलूपबंद करायचं आणि पाकिटं झाली की थोडा वेळ हातात द्यायचं. आधी तिचा रेडिओ कपाटात गेला, मग लाल शाल. घरीही असंच करा, असं तिच्या ताईला बजावलेलं होतं. दर वेळी काही दिवसांनी महाराणीचा त्या वस्तूतला रस संपायचा आणि सर म्हणायचे, "कंटाळली. नवीन काहीतरी शोधा."

मी आले तेव्हा कंगव्याची पाळी होती. टेबलावर चार-पाच वस्तू मांडल्या, त्यातला कंगवा तिनं झटकन उचलला. सर खूश. मला मात्र काहीतरी खटकत होतं. कंगवा हातातून पडला तरी ती वळून बघायची नाही.

एका दुपारी सर जेवायला गेले होते आणि मी टेबलामागे खाली बसून सांडलेला गोंद पुसत होते. मी तिथे आहे हे महाराणी विसरली असावी. ती उठली, खोलीतल्या एका गोष्टीपाशी गेली आणि हसली. तिला हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. हातातलं फडकं तसंच धरून मी बघत राहिले. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि तिचा चेहरा दुकानाच्या शटरसारखा खाली आला. कंगवा त्या दिवशी मी कुलपात ठेवायला विसरले होते. लगबगीनं येऊन तिनं तो उचलला आणि केस विंचरायला लागली. कंगवा उलटा धरून.

घरी जाताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई कंटाळत नव्हती. आपल्याला काय आवडतं ते या लोकांना कळलं की ते कपाटात जातं, हे तिला पक्कं समजलं होतं. म्हणून तिनं आवडीचं सोंग करून कंगवा आमच्यापुढे टाकला होता. मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. सरांचा, पुस्तकांचा आणि थोडा बाबांचाही. लहानपणी बाबांनी माझ्या सायकलला साखळी घातली होती, गणितात मार्क मिळाले तर किल्ली. मी सांगून टाकलं, मला सायकल आवडतच नाही. त्यानंतर त्या घरात मला काय आवडतं याचा मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाबा अजून फोनवर म्हणतात, "तुला काय आवडतं ते आम्हाला कधी कळलंच नाही बघ."

पुढे कंगव्यानंही काम होईना. सरांनी मला बोलावलं. "तू तिच्याबरोबर सगळ्यात जास्त असतेस. तिला खरंच काय आवडतं, काही दिसलं का?"

नाही म्हणून सुटता आलं असतं. पण खोटं का बोलायचं?

"दिसलं," मी म्हटलं. "पण सांगणार नाही."

"का?"

"तुम्ही ते कपाटात घालाल."

"माहिती दडवणं नीतीत बसतं का गं? सही विसर मग."

"नका देऊ."

बोलून तर गेले आणि जिना उतरून थेट घर गाठलं.

दोन दिवसांनी मॅडमच्या खोलीत बैठक बसली. मॅडम, सर आणि महाराणीची ताई. ताई ऑफिसातून तशीच आली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"निरीक्षण लपवायचं नसतं," मॅडम म्हणाल्या. "हे तुला मी शिकवलंय."

"संमती वागण्यातून ओळखा, हेही तुम्हीच शिकवलंत. आवड लपवायला ती उलटा कंगवा डोक्यात घालते, मॅडम. तिनं 'नाही' आणखी कसं म्हणायचं?"

"अगं, पण बक्षिसाशिवाय ती कामाला बसेल का?" सर म्हणाले.

"मीही नाही बसणार. पगार म्हणून माझ्याच चपला मला तासभर परत दिल्या तर तुम्ही तरी बसाल का?"

मॅडमनी डोळे वटारले. सर काही बोलणार, तेवढ्यात ताई पुढे सरकली.

"म्हणजे तिला आवडतं काहीतरी? खरंच? घरी ती कशाकडे बघतसुद्धा नाही हो. मला वाटलं, तिचं मनच मेलंय."

हे मात्र मला जड गेलं. तोंडाशी आलेला शब्द मी कसाबसा गिळला.

"खूप आवडतं, ताई. ती हसली."

ताई रडायला लागली. मी सांगायला तोंड उघडलंच होतं, पण तिनं हात वर करून मला थांबवलं. "नको. मला नको सांगूस. तिच्या भल्यासाठी म्हणून मी परत यांना सांगून बसेन." मग तिनं डोळे पुसले आणि सरांपुढे हात पसरला. "कपाटाची किल्ली द्या. तिचा रेडिओ आणि शाल आधी बाहेर काढा. ही पद्धत आजपासून बंद. पालक म्हणून सांगतेय."

किल्ली तिला मिळाली. मला सही मिळाली नाही. प्रॅक्टिकल दुसऱ्या केंद्रात पहिल्यापासून करायचं, असं मॅडमनी ठरवलं. मी बरं म्हटलं. वर्ष गेल्याचं दुःख झालं, खूप झालं. पण ते सांगितलं नाही याचं अजिबात नाही.

शेवटच्या दिवशी मी सामान घ्यायला केंद्रात गेले. रेडिओ आणि शाल टेबलावर उघड्यावर होती. महाराणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. एवढ्यात कोण विश्वास ठेवणार? माझं ओळखपत्र परत घ्यायला सर दाराशी उभे होते.

महाराणी उठली. तिच्या हातात कंगवा होता. ती सरळ माझ्यापाशी आली, माझी मूठ उघडून तिनं तो तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडून भेट घ्यायची नाही, असा आमच्या पेशात कडक नियम आहे. मी घेतली.

मग ती वळली आणि माझ्या देखत त्या गोष्टीकडे निघाली.

"कुठे निघाली ती?" म्हणत सर आत आले.

मी त्यांच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिले, वेणी सोडली आणि सावकाश केस विंचरायला लागले.