पहिल्या नंबरवर अमरावती

आधीच सांगून टाकते, त्या दिवशी मी नवऱ्याचं ऐकलं नाही आणि मला त्याचा काडीइतका पस्तावा नाही. आता ऐका.

आमची दिव्या बारावी झाली. सीईटीला त्र्याण्णव पर्सेंटाइल पडले. कुरुळीतल्या आमच्या अख्ख्या चाळीला पेढे मी वाटले, आणि ज्यांना पर्सेंटाइल म्हणजे काय ते कळत नव्हतं त्यांना दोन-दोन दिले. आमचे हे, म्हणजे ज्योतीराम, चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहेत. गाड्यांचे सुटे भाग ट्रकमध्ये भरून पाठवायचे, हे त्यांचं काम. धाराशिवहून इकडं येऊन वीस वर्षं झाली. मी घरी बावीस पोरांचे डबे करते. सगळे कंपन्यांतले, बिनलग्नाचे आणि सदा भुकेले.

पेढे संपले आणि कागदांची वरात निघाली. मुलींना फी माफ आहे म्हणतात, आहेच, पण उत्पन्नाचा दाखला आणल्याशिवाय नाही. राजगुरुनगरच्या कचेरीत माझ्या तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा रेशनकार्डाची झेरॉक्स राहिली. दुसऱ्यांदा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा मी भाकरी बांधूनच गेले आणि बाकड्यावर मांडी घालून बसले. म्हणलं, आज दाखला घेतल्याबिगर ही बाई हलत नसते. दाखला हातात पडला तेव्हा मला असा आनंद झाला की दारातल्या शिपायालासुद्धा भाकरी देऊ केली. त्यानं घेतली.

आता राहिली कॉलेजांची यादी. फॉर्ममध्ये आपल्या पसंतीनं ओळीनं नावं भरायची असतात. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की विषय संपला, तेच घ्यायचं, पुढच्या फेरीत तोंड दाखवायचं नाही. म्हणजे पहिला नंबर म्हणजे लग्नच समजा.

आणि तिथंच आमच्या घरात जुंपली. ह्यांना हवं होतं आकुर्डीचं नाहीतर निगडीचं कॉलेज. मेकॅनिकल घ्यायचं, संध्याकाळी घरी यायचं, चार वर्षांनी चाकणलाच नोकरी. दिव्याला हवं होतं फूड टेक्नॉलॉजी, तेही अमरावतीला. इथून रात्रभराची गाडी. तिथलं कॉलेज तिनं मोबाईलवर इतक्या वेळा बघितलं होतं की तिथली कॅन्टीन कुठं आहे तेसुद्धा तिला पाठ.

"फूड टेक्नॉलॉजी म्हंजे स्वयंपाकाची डिग्री का?" हे म्हणाले. "ती तर तुझी आई घरातच देती. फुकट."

दिव्या ताटावरून उठून गेली. ह्या पोरीला खाण्याच्या वस्तूंचं वेडच आहे, पण खायचं नाही. दुसऱ्या शिफ्टच्या पोरांची आमटी उन्हाळ्यात आंबायची, तर हिनं महिनाभर वहीत लिहून ठेवलं, कुठल्या डब्यातली किती तासांनी आंबली. एकदा फळीवर चटणीच्या सात बाटल्या मांडून ठेवल्या, प्रत्येकीवर तारीख. मी त्यातल्या दोन जेवायला वाढल्या तर घर डोक्यावर घेतलं. "मम्मी, तो माझा प्रयोग होता!" म्हणलं, बाई, तुझा प्रयोग लई चवदार होता.

पण खोटं कशाला बोलू, मीही ह्यांच्याच बाजूची होते. एकटी पोर, सहाशे किलोमीटर, ओळखीचं कुत्रं नाही तिथं. आणि पहाटे पाचला माझ्याबरोबर चपात्या लाटायला कोण उभं राहणार? हे शेवटचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

शेवटी तोडगा निघाला. यादी अकरा कॉलेजांची, जवळची सगळी आधी, आणि अमरावती अगदी शेवटी. "नावापुरतं टाकू," हे म्हणाले, "पोरीचं मन राहतं." यादी ते स्वतःच कंपनीत बसून लिहिणार होते, कारण यादी करावी तर त्यांनीच, असा त्यांचा वीस वर्षांचा समज. दिव्या म्हणाली, "कशीही करा. मी बघणारसुद्धा नाही." रागात ती अगदी माझ्यावर गेली आहे.

फॉर्म पक्का करायचा शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत मुदत. हे कामावर. सकाळी जाताना घडी घातलेला कागद फाईलीत ठेवून गेले. मी आणि दिव्या चार वाजता फाट्यावरच्या मंजुषाताईंच्या सेवा केंद्रात पोचलो. तिथं ही गर्दी! प्रत्येक पोराबरोबर एक आई नाहीतर बाप, प्रत्येकाच्या काखेत फाईल, आणि सगळ्यांचे डोळे त्या एका कॉम्प्युटरवर. एका बाईनं मला विचारलं, "तुमची कोणत्या ब्रँचला?" मी ऐटीत म्हणलं, "बघू, बऱ्याच ठिकाणी लागतंय आमचं."

आमचा नंबर आला चार पस्तीसला. मंजुषाताईंनी कागद उघडला, कॉम्प्युटरला टेकवून ठेवला आणि वरून एकेक नाव भरायला घेतलं. "एक नंबर, अमरावती, फूड टेक्नॉलॉजी."

मी मान लांब करून कागद बघितला, अमरावती खरंच सगळ्यात वर.

आता ह्यांची एक खोड सांगायला हवी. एका ट्रकमध्ये तीन-चार कंपन्यांचा माल असतो. जो माल सगळ्यात शेवटी उतरायचा तो आत, तळाशी, म्हणून भरताना तो पहिला. त्यामुळं डिस्पॅचच्या यादीत शेवटचं गिऱ्हाईक सगळ्यात वर. वीस वर्षं हेच लिहून लिहून ह्यांचा हातच तसा पडलाय. शनिवारी बाजाराची यादीसुद्धा तशीच, वरती बटाटे-कांदे, खाली कोथिंबीर, जशी पिशवी भरायची तशी. म्हणून पहिलं काय ते बघायचं तर आमच्या घरात यादी खालून वर वाचतात. ती सवय मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात लागली. मंजुषाताईंना कुठून ठाऊक असणार? त्यांनी सरळ वाचली.

माझ्या तोंडात शब्द आला होता, "थांबा." तेवढ्यात मी दिव्याकडं बघितलं.

तिलाही कळलं होतं. ह्यांच्याच हाताखाली वाढलेली पोर, तिला कळणार नाही तर कुणाला? कान लालबुंद झालेले, फाईल छातीशी घट्ट धरलेली, नजर पडद्यावर. मंजुषाताई भरत होत्या, "दोन नंबर... तीन नंबर..." आणि माझी लेक गप्प.

मला असा राग आला म्हणता! लबाड कुठली. बापाची चूक दिसतेय आणि तोंडाला कुलूप. म्हणलं, बघतेच आता ही किती वेळ गप्प बसते ते. मीही ओठ मिटले. नऊ झाले. दहा झाले. अकरावं निगडी. मागं कोणीतरी ओरडलं, "ताई, आवरा, पंधरा मिनिटं राहिलीत!" मंजुषाताईंनी दिव्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा टाकला आणि म्हणाल्या, "पक्का करू ना? नंतर बदलता यायचं नाही."

मी मनात म्हणत होते, बोल गं. बोल माझे आई.

"ताई, थांबा," दिव्या म्हणाली. आवाज असा फाटका की आधी मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "यादी उलटी आहे. पप्पा खालून वर लिहितात. निगडी एक नंबर आहे. अमरावती... अमरावती शेवटची आहे." आणि डोळ्यांतून टपाटप पाणी.

काय सांगू, माझं काळीज असं भरून आलं! राग कुठल्या कुठं पळाला. आठ दिवस ज्या गावासाठी पोर धड जेवली नव्हती, ते गाव आपसूक हातात पडलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंही तिला जमलं नाही.

मंजुषाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता परत सगळं फिरवायचं? चला, पटपट सांगा."

"काही फिरवायचं नाही," मी म्हणलं. "यादी बरोबर आहे. दाबा बटण."

"मम्मी?" दिव्या माझ्याकडं बघतच राहिली. "अगं, पप्पा..."

"पप्पांचं मी बघते. ताई, दाबा म्हणलं ना!"

त्यांनी दाबलं. मागची बाई टाळ्याच वाजवायला लागली, तिला काय कळलं देव जाणे. दिव्यानं मला एवढ्या जोरात मिठी मारली की माझ्या पदराची पिन तुटली. फाट्यावर येऊन आम्ही दोघींनी दोन-दोन वडापाव खाल्ले आणि वेड्यासारख्या हसत सुटलो. मग माझं हसू थांबलं, कारण ह्यांचा फोन आला, "झालं का?" मी म्हणलं, "झालं, तुमच्या यादीबरहुकूम." ह्यात खोटं काही नव्हतं.

पुढचे चार दिवस काय गेले आमचे! हे समोर आले की दिव्या भांडी घासायला पळायची, एरवी तिला ढकलावं लागतं. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज जीभ टाळ्याला चिकटायची. देवाला म्हणलं, लागू दे बाबा एकदाचं, नाहीतर शिव्या खाऊन हाती धुपाटणं यायचं.

निकाल लागला गुरुवारी. चाकणला गुरुवारची सुट्टी, म्हणजे हे घरीच. अकरा वाजता दिव्याचा मोबाईल वाजला. ती किंचाळली, मी पोळपाट टाकून धावले, आणि मध्येच ह्यांनी मोबाईल घेतला. चष्मा लावला. लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

"अमरावती? ही तर शेवटची होती. सिस्टिमचा घोळ हाय ह्यो. चला, आत्ताच्या आत्ता तक्रार करू."

"घोळ सिस्टिमचा नाही," मी म्हणलं. "माझा आहे." आणि सगळं सांगून टाकलं. कागद वरून वाचला ते, मला कळलं ते, आणि बटण दाबायला मीच लावलं ते.

ह्यांचा चेहरा तांबडा झाला. "वीस वर्षांत माझा एक ट्रक चुकीच्या गावाला गेला न्हाई! आन तू माझी पोरगी पाठवलीस?" शेजारच्या चार दारांतून माना बाहेर आल्या. "एकटी ऱ्हाणार ती. काय कमी-जास्त झालं, कुणी त्रास दिला, हिचंच काय चुकलं, तर आपल्याला कळणार कसं? सांगणार हाय का ती?"

"सांगेल," मी म्हणलं. "अहो, बटण तिनं थांबवलं होतं. मी नाही. मी मुद्दाम गप्प उभी होते, बघत होते. हवं ते हातात पडलेलं असताना तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, यादी उलटी आहे, निगडी पहिलं. रडत होती, पण सांगितलं."

हे दिव्याकडं बघायला लागले. दिव्या माझ्याकडं.

"मम्मी, तुला आधीच कळलं होतं?" ती म्हणाली. "मग मी बोललेच नसते तर?"

"तर मीच थांबवलं असतं," मी म्हणलं. "निगडीला घातलं असतं आणि चार वर्षं रोज संध्याकाळी दारात उलटतपासणी घेतली असती. जी पोर स्वतःचं नुकसान होत असताना खरं बोलते, तिला कुठंही पाठवावं. बाकीच्यांना डोळ्यासमोर ठेवावं."

गॅसवरची चपाती करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

मग ह्यांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, घसा खाकरला आणि नंबर लावला. "हॅलो, साहेब, ज्योतीराम बोलतोय. सोमवारपासून चार दिवस सुट्टी पायजे होती. न्हाई न्हाई, आजारी कुणी न्हाई. पोरीला कॉलेजात पोचवायचंय. अमरावतीला. फूड टेक्नॉलॉजी." थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून हळूच दिव्याला म्हणाले, "साहेब विचारतेत, त्यात नेमकं काय शिकवतात?"

दिव्या डोळे पुसत एकेक वाक्य सांगायला लागली, आणि हे ते साहेबांना तसंच्या तसं ऐकवत होते, मोठ्या आवाजात, चारही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.